बस्तीराम गवंडी पीत नव्हता

५ जानेवारी २०२५, रविवार. बुलढाणा

खताच्या दुकानातून मिळालेली डायरी आमच्याकडे दरवर्षी कोरीच रद्दीत जाते. यंदा लिहायला घेतली, कारण आजचं बोलणं कोणाजवळ काढता येत नाही. बायकोजवळ, म्हणजे जयमालाजवळ, काढलं की ती गप्प होते.

सोनाळ्याचे पाहुणे माझ्या मुलीला, छकुलीला, पाहायला आले होते. मुलगा कुलदीप शेती खात्यात नोकरीला आहे. छकुली त्याला आधी भेटलेली आहे. मला ते माहीत आहे, पण मी माहीत नसल्यासारखं वागतो. पोहे झाले, चहा आला, आणि कुलदीपच्या मामांनी घसा साफ केला.

"उत्तमराव, एक विचारू का? राग नोका येऊ देऊ. वडनेर भोलजीले तुमचा चुलतभाऊ आहे ना, गणेश? त्याचं सारं अंग हलते म्हणतात. त्याच्या बापाचं बी हलत होतं. हे तुमच्या खानदानात आहे का?"

"खानदानात काऊन असन?" मी म्हणालो. "काका थोडी पीत होते. गणेशले टेन्शन आहे. माह्याकडं पाहा ना. पन्नाशी झाली, सत्तावीस वर्षं गाडी चालवून राह्यलो, कुठी खरचटलं नाही."

एवढं बोलताना माझा हात बशीला लागला आणि कप फरशीवर फुटला. नवीन सेटमधला होता. बैठकीत इतकी माणसं दाटीवाटीने बसली होती की कोणाचाही धक्का लागला असता. पण मामा किती वेळ त्या तुकड्यांकडेच पाहत राहिले.

जाताना म्हणाले, "पोरगी पसंत आहे. फक्त हे कुठून आलं तेवढं आम्हाले सांगा. आमच्या मनातला किंतू जाऊ द्या."

सांगतो. शोधून काढून सांगतो.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी शाळेची बस घेऊन मोताळ्याकडची मुलं घाट चढवून आणायची, दुपारी घाट उतरवून सोडायची, असं माझं काम आहे. मधले काही तास मोकळे असतात. आज त्या वेळात बसमध्ये बसून सगळं मांडून पाहिलं.

लोक म्हणतात की आमच्या घरात वरपासून अशी माणसं होत आली. सगळ्यात वर खापरपणजोबा बस्तीराम. तो किरिस्ताव होता, हे आम्ही लपवत नाही. आगगाडीचा मार्ग पडत होता तेव्हा तो पुलाच्या बांधकामावर गवंडी म्हणून आला आणि वडनेरच्या माळ्याची मुलगी रुख्मिणी हिच्याजवळ राहिला. पुढे तो दारूत बुडाला म्हणून त्याला कामावरून काढलं. त्याचा मुलगा तुळशीराम, त्याच्या अंगात देव यायचा. लोक त्याच्या पाया पडायचे. त्याचा मुलगा म्हणजे माझे आजोबा कडूबा. त्यांच्यावर भावबंदांनी करणी केली असं आजी सांगायची. मग काका, ते पीत होते. आणि आता गणेश.

एकाची दारू, एकाचा देव, एकाची करणी. यात आजार कुठे बसतो? बस्तीराम दारुडाच होता असा जुना पुरावा मिळाला, तर मामांना सांगता येईल की वरपासून काही आलेलं नाही, जे काही आहे ते काकांच्या घरात सुरू झालं.

आणि आमच्या बापाला तर काहीच नव्हतं. विहिरीवर मोटर बसवताना शॉक लागून गेले तेव्हा चौतीस वर्षांचे होते. गावात त्यांच्याशी कुस्ती धरायला कोणी तयार नसायचं.

१२ जानेवारी, रविवार. वडनेर भोलजी

गणेशला वर्षाने पाहिलं. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण ओळखू येत नाही. खांदा उडतो, मान वळते, हात कोणीतरी दोरीने ओढल्यासारखा वर जातो. बोलणं अडखळत येतं. पण डोळे अगदी पहिल्यासारखे आहेत. मला पाहून हसला.

"दादा, बस न इकडं. जवळ बस."

मी दाराजवळची खुर्ची घेतली. म्हणालो, इथे हवा येते.

त्याच्या आईने, गीताकाकूने, भाकरी टाकल्या. मी बस्तीरामचा विषय काढला तेव्हा ती हसली. "आता त्याच्यापाशी काय काम पडलं बापा?"

"तो पीत होता का, तेवढं सांग."

"म्या कुठी पाह्यलं त्याले? पण पुलावरून हाकललं ते दारूपायीच म्हणतात. चालीन तं झुलत चाले म्हने. थापी हातात राहे ना. मंग रुख्मिणी त्याले बैलगाडीत घालून नांदुऱ्याले नेई. महिन्यातून एकडाव आगगाडीनं पाद्री येत होता, त्याच्यापाशी. मेला बी तिकडंच."

"पाद्री कुठचा?"

"भुसावळचा म्हनत. सासूनं सांगतलं ते सांगून राह्यली."

बोलत असताना काकू सारखी माझ्या पायांकडे पाहत होती. मी बूट घालूनच आत आलो होतो. लाज वाटली, उठून बाहेर काढून ठेवले. तरी ती पाहतच होती.

निघताना तिने माझा हात धरला आणि सोडेना. "जयमालाले घेऊन ये एखाद्या दिवशी," म्हणाली. "मले तिच्यासंग बोलाचं हाय."

बायकांचं काही असेल.

१८ जानेवारी, शनिवार

गणेशला घेऊन अकोल्याला गेलो होतो. मेंदूच्या डॉक्टरांकडे त्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला. आजाराला नाव आहे, हंटिंग्टन. काकूने ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं. हलणं कमी होण्यापुरत्या गोळ्या आहेत, आजार जायचं औषध नाही.

मी डॉक्टरांना एकच विचारलं, हे येतं कुठून.

ते म्हणाले, "आई किंवा वडिलांकडून. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. पण पिढी गाळून पुढे जात नाही. वडिलांना नसेल तर मुलाला येत नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसलो. गणेश बाजूला बसला होता, हे नंतर लक्षात आलं.

"माझ्या वडलांना नव्हतं," मी म्हणालो. "हे माझ्या काकांचं घर आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. "वडील आहेत?"

"नाही. चौतीसचे असताना गेले. अपघातानं."

त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही एकदा वेळ काढून या. एकटे आलात तरी चालेल." बाहेर पेशंटची रांग लागली होती, म्हणून मी लगेच उठलो. मोठे डॉक्टर सगळ्यांनाच पुन्हा बोलावतात.

येताना गणेश सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत होता. नांदुऱ्याच्या फाट्यावर म्हणाला, "दादा, तुले बरं वाटलं न?" त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

घरी येऊन जयमालाला सांगितलं की आपली फांदी सुटली. तिने देवापुढे दिवा लावला. माझ्याशी मात्र बोलली नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

अपमानाचा दिवस.

प्राचार्यांनी बोलावलं. कोणा पालकाने सांगितलं की ड्रायव्हर बसमधून उतरताना झुलतो. प्राचार्य खुर्चीतून उठून माझ्या अगदी जवळ आले, काहीतरी दाखवायला आल्यासारखे. मला कळलं, ते वास घेत होते.

"साहेब, मी आयुष्यात सुपारी खाल्ली नाही," मी म्हणालो.

"तसं नाही हो, उत्तमराव. तब्येत सांभाळा."

दुपारी बसमध्ये सिंधूताईंवर चिडलो. त्या मुलांना चढवतात-उतरवतात, पाच वर्षांपासून या बसवर माझ्याबरोबर आहेत. त्यांना म्हणालो, तुम्हीच काही बोललात का? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, म्या काऊन बोलू? पण तुमचा पाय क्लचवर ठरत नाही आजकाल. घाटात मी देवाचं नाव घेत असते. एक डाव डॉक्टरले दाखवा ना."

क्लचची प्लेट घासली आहे, हे मी दिवाळीपासून सांगतोय. मेकॅनिक म्हणतो प्लेट ठीक आहे. सगळेच शहाणे झालेत.

घरी ताट सरकवलं ते भिंतीला जाऊन लागलं. मी असा माणूस नव्हतो. छकुलीने वरण पुसलं आणि "बाबा, जेवून घ्या," म्हणाली. या लग्नाची काळजी माझा जीव खातेय.

२ फेब्रुवारी, रविवार. भुसावळ

मलकापूरहून गाडी पकडली. चर्चमध्ये प्रार्थना चालू होती. मी मागच्या बाकावर बसलो. एका बाईने वळून माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग थोडी सरकून बसली. अनोळखी माणूस आला की लोक बघतातच.

फादर तरुण आहेत, मूळचे वसईचे. मराठी आपल्यापेक्षा चांगलं बोलतात. मी सांगितलं, आमचा पूर्वज पुलावर गवंडी होता, नाव बस्तीराम, वडनेरच्या रुख्मिणीजवळ राहिला, धर्माने तुमचा.

ते हसले. "बस्तीराम नसेल. बस्त्याव असेल. सेबॅस्टियनला आमच्याकडे बस्त्याव म्हणतात. रुख्मिणीबाईंच्या गावाने त्याचा बस्तीराम केला असेल."

दीडशे वर्षांनी आमच्या घरातल्या माणसाचं खरं नाव मला कळलं. मी ते दोनदा उच्चारून पाहिलं. विचित्र वाटलं, आणि थोडं चांगलंही वाटलं.

"काय शोधायचंय नक्की?" त्यांनी विचारलं.

"तो दारुडा होता हे कुठे लिहिलेलं असेल तर पाहिजे."

फादरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "लोक पूर्वज संत होता म्हणून शोधायला येतात. तुम्ही पहिलेच." मग म्हणाले, जुन्या दफनविधीच्या वह्या लॅटिनमध्ये आहेत, त्या वाचायला आठवडा द्या.

९ फेब्रुवारी, रविवार. भुसावळ

नोंद सापडली. मला पाहिजे होती ती नाही.

फादरांनी बोट ठेवून वाचली, थांबत थांबत मराठी करून सांगितली, आणि मी नको म्हणत असताना कागदावर उतरवूनही दिली. तीच इथे लिहितो.

"सेबॅस्टियन, वसईचा, गवंडी, वय सुमारे पंचेचाळीस, नांदुरा येथे पुरला. सन अठराशे ब्याऐंशी." बाकी सगळ्या नोंदी एवढ्याच असतात. या नोंदीखाली बारीक अक्षरात पुढे लिहिलं आहे: "रेल्वेचे लोक याला दारुडा म्हणत. मी गेल्या वर्षभर याला दर महिन्यास पाहत आलो. याने मद्य घेतलेले मी कधी पाहिले नाही, त्याच्या तोंडास वास कधी आला नाही. त्याचे हातपाय त्याच्या इच्छेविरुद्ध हलत. झोपेत मात्र तो पूर्ण स्थिर असे. त्याची स्त्री रुख्मिणी, बाप्तिस्मा न झालेली, हिने हे लिहून ठेवण्यास सांगितले. मी लिहीपर्यंत ती जागची उठली नाही."

फादर म्हणाले, "पाद्री परका, बाई निरक्षर, दोघांची भाषा वेगळी. तरी तिने लिहून घेतलं."

 मला राग आला होता. बस्त्याव पीत नव्हता म्हणजे त्याला तेच होतं, जे गणेशला आहे. मग तुळशीरामच्या अंगात देव नव्हता, कडूबावर करणी नव्हती, काकांची दारूही खोटीच. वरपासून खालपर्यंत एकच. मामांना आता काय सांगू?

एवढंच सांगता येईल की आमच्या बापापाशी ते थांबलं. तेवढं पुरेसं आहे. बाप धडधाकट होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

जयमाला भाकरी थापत होती तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. "झोपेत स्थिर असे" इथपर्यंत आलो आणि तिचा हात परातीत थांबला.

"झोपेत हलत नव्हता?"

"नाही. पाद्र्यानं तसंच लिहिलंय."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती उलटेना. मग उठून मागच्या मोरीत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. आली तेव्हा डोळे लाल होते. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी रडणारी बायको मी पहिल्यांदा पाहिली. मन फार हळवं आहे तिचं.

नंतर म्हणाली, "उद्यापासून बसवर जाऊ नका."

"काऊन?"

"मी म्हणते म्हणून."

परीक्षा जवळ आल्या आहेत, मुलांना कोण आणणार? मी हसण्यावारी नेलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अक्षर येईल तसं येवो.

दुपारी घाट उतरत होतो. दुसऱ्या वळणावर ब्रेकवर पाय टाकला तर पाय ब्रेकवर नव्हता. मी टाकला होता. मला माहीत आहे मी टाकला होता. तो आपल्या मनाने उजवीकडे उडाला आणि एक्सिलेटरवर पडला. समोर कठडा आणि त्याच्या पलीकडे काही नाही. मी स्टेअरिंग डोंगराकडे ओढलं, हँडब्रेक खेचला. बस गटारात जाऊन दरडीला घासत थांबली.

मुलं ओरडत होती. नंतर एकदम शांत झाली, ते जास्त वाईट होतं. सिंधूताई एकेका सीटवर जाऊन तोंड चाचपत होत्या. एका मुलीचा ओठ फुटला. बाकी कोणाला काही नाही. कोणाला काही नाही. कोणाला काही नाही.

गाड्या थांबल्या, लोक धावत आले. मला खाली ओढलं. उभं राहता येईना, मी झुललो.

"पिऊन आहे रे हा! पाय पाहा त्याचे!"

कोणीतरी कॉलर धरली. मी बोलायला गेलो तर जीभ वळेना. तेवढ्यात सिंधूताई दोन मुलांना दोन्ही काखेत घेऊन मध्ये आल्या.

"पेलेला नाही तो! हात नोका लावू! पाच सालापासून संग हाय मी त्याच्या, तो पेत नाही! बिमार हाय तो माणूस, दिसत नाही का तुमाले?"

बिमार.

पोलीस आले, नळीत फुंकर मारायला लावली. आकडा शून्य आला. हवालदाराने पुन्हा मारायला लावली, तरी शून्य. तेव्हा लोकांचे चेहरे बदलले. कॉलर धरणाऱ्याने मला पाणी दिलं. मी पीत असताना त्यातलं अर्धं माझ्या शर्टावर सांडत होतं आणि सगळे ते पाहत होते. मीही पाहत होतो. पहिल्यांदाच पाहत होतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी शाळेत जाऊन बसची चावी दिली. काढून टाकायच्या आत दिली असं कोणी म्हणेल, म्हणू दे. प्राचार्यांना म्हणालो, साहेब, तुम्ही वास घेतला त्याचा राग नाही, पण माझा पाय कोणी पाहायला पाहिजे होता. मग मलाच वाटलं, पाहिला होता. सगळ्यांनी पाहिला होता.

घरी येऊन जयमालाला विचारलं, "तुले कधीपासून माहीत आहे?"

"दसऱ्यापासून. नक्की माहीत नव्हतं. दुपारी तुम्ही बस लावून घरी येता, घटकाभर आडवे होता, तेव्हा मी येऊन जवळ बसते. दिवसभर तुमची बोटं पेटी वाजवल्यासारखी हलतात. डोळा लागला की थांबतात. मी तेच पाहत बसते." मग म्हणाली, "तुम्ही तो कागद वाचून दाखवला, त्या दिवशी नक्की झालं."

"मग बोलली काऊन नाही?"

"बोलली असती तर तुम्ही ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं.

बापाबद्दल विचार करत बसलो. आमच्याकडे हे चाळिशीच्या पुढे दिसायला लागतं, आणि बाप चौतीसच्या पुढे गेलाच नाही. त्याला होतं की नव्हतं हे कोणालाच कळलं नसतं. डॉक्टरांनी वडील आहेत का विचारलं ते यासाठी. काकू पायांकडे पाहत होती ते यासाठी. आणि मी बूट काढून बाहेर ठेवले.

१ मार्च, शनिवार. अकोला

डॉक्टरांनी जीभ बाहेर काढून तशीच धरायला सांगितली. एवढं सोपं काम. पण जीभ आपोआप आत जायची. पुन्हा काढायची, पुन्हा आत. जयमाला समोर बसून स्वतःची जीभ दातात धरून होती, जशी काही तिने धरली तर माझी राहील.

रक्त घेतलं. रिपोर्टला वेळ लागेल. "रिपोर्ट येईपर्यंत मी काही म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले, पण गोळ्या आजच लिहून दिल्या. गाडी चालवायची नाही म्हणाले. दोनचाकीसुद्धा.

मी म्हणालो, "आमच्याकडे याची नोंद आहे. अठराशे ब्याऐंशीची." त्यांनी फादरांचा कागद वाचला, परत वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "रुख्मिणीबाईंचं शिक्षण काय होतं?"

"काही नाही. माळ्याची मुलगी."

"त्यांच्याइतकी नीट माहिती मला आजही फार कमी नातेवाईक देतात," म्हणाले. जयमालाकडे वळले. "तुम्हीही लिहून ठेवत जा."

४ मार्च, मंगळवार

छकुलीला सांगायचं होतं. दोन दिवस धीर झाला नाही. आज बसलो तर तीच म्हणाली, "बाबा, मले माहीत आहे. मी वाचलं सारं, गणेशकाकाच्या आजाराचं नाव कळलं त्याच दिवशी."

"मग तुलाही—"

"हाव. निम्मी शक्यता. तुमचा रिपोर्ट काय येते त्याच्यावर."

 मी म्हणालो, तू लवकर टेस्ट करून घे, नसलं तर मामांना रिपोर्ट दाखवू, सगळं सुरळीत होईल. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी थांबलो.

"माह्या रक्तात काय आहे ते मामांना दाखवायसाठी मी काढणार नाही. कधी काढायचं, काढायचं का नाही, ते मी ठरवीन. आज नाही ठरवत." मग आवाज खाली आला. "कुलदीपले सांगतलं मी. घरच्यांना सांगण्याआधी त्याले सांगतलं. काल त्याच्या घरून नकार आला."

"आणि तो?"

"तो रडला फोनवर. अजून काही म्हणाला नाही. म्हणाला तर पाहू."

मी हे सगळं हिच्या लग्नासाठी शोधायला निघालो होतो. तिला म्हणालो, माझ्यामुळे मोडलं. ती म्हणाली, "तुमच्यामुळे नाही, बाबा. बस्त्यावमुळे बी नाही." आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे जयमाला होती. दोघींच्या रडण्याचा आवाज आला. मी आत गेलो नाही. मग गेलो.

९ मार्च, रविवार. वडनेर भोलजी

जयमालाला घेऊन आलो. काकूने तिला पाहताच कवटाळलं. दोघी आत गेल्या.

गणेश ओट्यावर होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तो माझ्या पायाकडे पाहत होता, मग माझ्या तोंडाकडे.

"दादा... तुले बी?"

"रिपोर्ट यायचा आहे. पण हाव."

 त्याचा हात उडाला आणि माझ्या पाठीवर जोरात बसला. ते मुद्दाम होतं की आपोआप, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. आम्ही दोघे हसलो.

मग मी त्याला बस्त्यावचं वाचून दाखवलं. तो मान स्थिर ठेवायचा प्रयत्न करत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे पेत... नव्हता तो."

"नाही. आणि तुझा बापही पीत नव्हता. मी सोनाळ्याच्या लोकांपुढे पीत होता म्हणालो."

"सारेच म्हणत," गणेश म्हणाला. "शेवटी त्यालेच... खरं वाटत होतं. मायले म्हने, म्या कवा पेलो वो?"

संध्याकाळच्या आत त्याला चहा प्यायला फाट्यावर जायचं होतं. काकू म्हणाली, दवाखाना सोडला तर तो वर्षभरात घराबाहेर पडला नाही, लोक हसतात. मी म्हणालो, मी आहे ना संग. हमरस्त्याच्या कडेने निघालो. तो डावीकडे झुकला की मी धरायचो, माझा पाय वाकडा पडला की तो. गाड्यांतले लोक वळून पाहत होते.

टपरीवर चार-पाच जण बसले होते. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं, आणि आम्हाला ऐकू यावं असंच बोलला, "दोघं बी सकाळपासूनच टाकून आलेले दिसतात, बे!"

गणेशने मान खाली घातली. परत फिरायला लागला. मी त्याचा हात धरला.

"भाऊ," मी म्हणालो. आवाज अडखळत होता, पण थांबलो नाही. "आम्ही टाकून नाही आलो. आजार आहे. याचं नाव हंटिंग्टन. याला आहे, मला आहे, याच्या बापाला होता, आमच्या आज्याला होता. इथला आगगाडीचा पूल बांधायला ज्यानं दगड घडवले त्या बस्त्याव गवंड्यालाही होता. त्यालाही लोक दारुडाच म्हणायचे. तो पीत नव्हता. वास घ्यायचा असेल तर जवळ या."

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. ज्याने तोंड उघडलं होतं तो स्वतःच्या पायाकडे पाहत बसला. मग त्याच्या बाजूचा एक म्हातारा उठला, बाक रिकामा केला, खांद्यावरच्या फडक्याने पुसला.

"बसा," म्हणाला. "चहा मोठ्या गिलासात दे रे यायले. अर्धा भर, म्हणजे सांडणार नाही."

गणेश बसला, आणि सरकून माझ्यासाठी जागा केली. मी त्याला अगदी लागून बसलो.